वणीचा खड्डा, परळीची राख: एका कोळसागाडीचा हिशेब

मराठवाड्यात दगडी कोळशाची एकही खाण नाही. पायाखाली बहुतेक सगळा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, तोच हा कातळ. नांदेडच्या आग्नेयेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट डोकं वर काढतो, एवढाच काय तो फरक. कोळसा याहून कितीतरी जुना, गोंडवाना काळातला. तो लागतो पैनगंगा ओलांडून वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर: वणी, माजरी, घुग्गुस, चंद्रपूर, बल्लारपूर. त्यामुळे आमच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या तासाला खुल्या कोळसा खाणींचा धडा आला की पोरं तो ध्रुवीय अस्वलाच्या धड्यासारखा वाचतात. आहे कुठेतरी, वाईट आहे, पाच मार्कांना येतो.

कॉलेजपासून परळी तासाभराच्या अंतरावर आहे. वैजनाथाच्या दर्शनाला सगळे जाऊन आलेले असतात आणि थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, चिमण्या लांबून दिसतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मग मी विचारतो, राख कुठून येते? उत्तर येतं, कोळशातून. आणि कोळशात कुठून आली? इथे वर्ग गप्प होतो. या लेखात तेवढ्या एकाच प्रश्नाचा माग काढला आहे. त्यासाठी मोठमोठे वार्षिक आकडे घेतले नाहीत. वणीच्या बाजूने निघून परळीला रिकामी होणारी एक मालगाडी घेतली. तिचा हिशेब लागला की बाकीच्यांचा लागतो.

गाडीत काय भरलेलं असतं

कोळशाच्या पूर्ण गाडीला साधारण ५८ वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, असतात. एका वाघिणीत ६५ टनांच्या आसपास माल, म्हणजे गाडीत ३,८०० टनांच्या जवळपास कोळसा. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असतं. हिशेबाला सोपं पडावं म्हणून चाळीस धरू. आता वाघिणी मोजा. ५८ पैकी २३ वाघिणींत जे आहे ते जळणारच नाही. त्यात आहे सिलिका, अॅल्युमिना, थोडं लोह. साध्या शब्दांत दगड आणि माती. इंजिन ती तितक्याच ताकदीने ओढतं, रेल्वे तिचं भाडं टनावर घेते, परळीच्या यार्डात ती कोळसा म्हणून उतरते आणि भट्टीतून राख होऊन बाहेर पडते.

ही माती कोळशात आली कशी, याची उत्तरं दोन. पहिलं निसर्गाचं. ज्या दलदलीत झाडं कुजली तिथे पुराबरोबर गाळ येत राहिला आणि तो कोळशाच्या कणाकणात मुरला. ही राख कोळशाच्या अंगचीच असते, धुऊनही पुरती जात नाही. दुसरं उत्तर आपलं, म्हणजे आपण कोळसा कसा काढतो त्याचं. वर्धा खोऱ्यातले कोळशाचे थर जाड आहेत, पण सलग नाहीत. मध्ये मध्ये काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, पट्टे येतात. भूमिगत खाणीत कामगार थराच्या मापाने आत शिरतो, नको तो भाग जमेल तसा सोडून देतो. खुल्या खाणीत सुरुंग लावून अख्खा थर ढिला करतात आणि मग यंत्राचं बकेट जे समोर येईल ते उचलतं. थराच्या माथ्यावरची माती नीट खरवडली नाही, दोन थरांमधला पट्टा वेगळा केला नाही, तर तो सगळा ऐवज कोळशाच्या नावाने वर येतो. पावसाळ्यात तर चिकणमाती कोळशाला चिकटूनच येते.

सावकाश, निवडून खोदता येत नाही असं नाही. सुरुंगाशिवाय थर तासून काढणारी यंत्रं आहेत आणि देशात ती वापरातही आहेत. पण खाणीवरचं यश टनांत मोजलं जातं, आणि मातीलाही वजन असतं. १ जानेवारी २०१२ पासून कोळशाची प्रतवारी उष्मांकावर होते, १७ श्रेणींत. तेव्हापासून ठरलेली श्रेणी आणि प्रत्यक्ष उतरलेली श्रेणी यांवरून खाणी आणि वीज केंद्रं यांच्यात वाद होत आले आहेत. वाद असतो पैशांचा. २३ वाघिणींतली माती शेवटी कुणाच्या शिवारात पसरणार, हा मुद्दा त्या कागदांत नसतो.

मागे उरतं ते

गाडी निघाली त्या जागेवर थोडं थांबू, कारण माझ्या विद्यार्थ्यांनी ते पाहिलेलं नसतं.

आज देशात निघणाऱ्या कोळशापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा खुल्या खाणींतून येतो. कारण सरळ आहे: भूमिगत खाणीपेक्षा स्वस्त, वेगवान, आणि माणसं कमी लागतात. छत कोसळून माणूस गाडला जाण्याचा धोका इथे तसा नसतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. किंमत दुसरीकडे पडते. आधी वरची काळी माती काढतात. वणी तालुक्यात ही कापसाची, तुरीची जमीन. आमच्या परभणीच्या जमिनीची सख्खी बहीण म्हणावी अशी. नियमाप्रमाणे ही माती वेगळी साठवून पुढे ढिगाऱ्यावर पसरायची असते. पण वर्षानुवर्षं ढीग करून ठेवलेल्या मातीतले जीवजंतू मरतात, हवा जाते, आणि पसरेपर्यंत तिचं नाव तेवढं माती राहतं. त्याखालचा मुरूम, वाळूखडक आणि शेल सुरुंगाने फोडून बाजूला टाकतात. त्यालाच ओव्हरबर्डन म्हणतात, तिकडच्या गावांत नुसतं ओबी. एक टन कोळशासाठी किती घनमीटर ओबी काढावा लागतो ते खाणीखाणीवर ठरतं. वर्धा खोऱ्यात ते चार घनमीटर धरलं तर फार अन्याय होणार नाही. म्हणजे आपल्या एका गाडीमागे १५,००० घनमीटर दगडमाती उकरून बाजूला. पंधरा घनमीटरचा हायवा धरला तर हजार फेऱ्या. गाडी एक, फेऱ्या हजार.

हे ढिगारे टेकड्यांसारखे दिसतात. गुगलच्या नकाशावर वणी ते घुग्गुस पट्टा उघडून पाहा. नदीच्या वळणांशेजारी करड्या पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर सहज ओळखू येतात. खरी टेकडी हजारो वर्षांत बसलेली असते, ही दहा-वीस वर्षांतली. पाऊस पडला की तिच्यावरून चिखल वाहतो, निर्गुडेसारख्या लहान नद्यांत आणि पुढे वर्धेत जातो. नदीकाठचे ढिगारे पुराचं पाणी अडवतात, वळवतात, ही तिथल्या गावांची जुनी तक्रार आहे. ढिगाऱ्यावर झाडं लावतात. लावायलाच हवीत. पण कडुलिंब जगला म्हणजे शेत परत आलं असं होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूचं पाणी त्यात झिरपतं. खाण कोरडी ठेवायला ते रात्रंदिवस उपसावं लागतं. खड्ड्याभोवतीची पाणीपातळी नरसाळ्यासारखी खाली बसते आणि जवळच्या विहिरी आटतात. म्हणजे खाणीत पाणी नको म्हणून फेकतात आणि शेजारच्या गावात टँकर येतो. सुरुंगाचे हादरे, रस्त्यावरची कोळशाची धूळ, उघड्या थराला आपोआप लागणारी आग हे आणखी वेगळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. त्यात खाणी होत्या, वीज केंद्र होतं, सिमेंट होतं; एकट्या खाणीवर सगळं ढकलता येणार नाही.

खाण संपल्यावर काय, यालाही नियम आहे. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये या दराने बंद करण्याच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. पुढे हा दर वाढला. शेवटचा खड्डा भरायला मात्र माल पुरत नाही. काही भाग पाण्याने भरून तळं होतं. त्या मालातलाच एक हिस्सा ५८ वाघिणींत बसून परळीला गेलेला असतो, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

मला या प्रकरणात सांगायची गोष्ट एवढीच आहे. राख म्हणजे प्रवासाला निघालेला ओबी. खाणीच्या पर्यावरण अहवालात तिची नोंद नसते, कारण ती कोळसा म्हणून हद्दीबाहेर जाते. वीज केंद्राच्या अहवालात ती फाटकापासून सुरू होते, जणू तिथेच जन्मली.

परळीला पोचल्यावर

परळीत वीज केंद्र आलं ते १९७१ मध्ये, ३० मेगावॉटच्या छोट्या संचांपासून. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले, २००७ नंतर २५० मेगावॉटचे दोन, आणि २०१६ मध्ये तेवढाच आठवा संच. जुने संच टप्प्याटप्प्याने मोडीत निघाले. आता तीन संचांचे मिळून ७५० मेगावॉट उरले आहेत. मागास म्हणून ज्या भागाचा सतत उल्लेख होतो तिथे हजारो कुटुंबांना या केंद्राने पगार दिला आणि गाव वाढवलं. परळीत कुणाला 'थर्मल बंद करा' म्हणून पाहा; आधी तुम्हाला बसायला सांगतील आणि मग कुणाच्या घरात कोण तिथे नोकरीला होतं ते मोजून दाखवतील. हा लेख वाचताना ही बाजू विसरली तर बाकी सगळं एकांगी होईल.

आता आपली गाडी. एका युनिट विजेला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं तर ३,८०० टनांत सुमारे ५४ लाख युनिट वीज होते. केंद्र पाऊण क्षमतेने चाललं तर अशा अडीच गाड्या रोज लागतात. एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो सगळ्या जगाच्या वाट्याचा, त्याचा हिशेब इथे मांडत नाही.

पाण्याचा मांडतो, कारण इथे प्रकरण खास मराठवाड्याचं होतं. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने शीतमनोरे (कूलिंग टॉवर) असलेल्या जुन्या केंद्रांना दर मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, ३.५ घनमीटर अशी पाण्याची मर्यादा घालून दिली. ती पाळली असं धरलं तरी आपली एक गाडी जाळायला १ कोटी ८९ लाख लिटर पाणी लागतं. हे पाणी बॉयलरला, थंडावा द्यायला, आणि राख वाहून नेण्यासाठी.

हा आकडा कानाला नुसता मोठा लागतो, म्हणून दुसरी गाडी आठवू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. सुरुवातीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, सुमारे पंचवीस लाख लिटर. देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती गाडी दाखवली. कोळशाची एक गाडी परळीत जाळायची तर पाण्याच्या तशा साडेसात गाड्या लागतात. लातूर आणि परळी यांच्यात शंभर किलोमीटरचंही अंतर नाही.

परळीचं पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. बंधारा भरायचा तर वरून पाणी सुटावं लागतं: पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने माजलगावकडे आणि तिथून खाली. म्हणजे पैठणला धरण भरलं नाही की परळीची चिमणी थंड. तसं झालंही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं; तेव्हा क्षमता होती १,१३० मेगावॉट. जुलै २०१५ मध्ये पुन्हा बंद झालं ते २०१६ चा पावसाळा होईपर्यंत. त्याच काळात आठवा संच उभा राहत होता. कोळसा वेळेवर, यंत्रं नवीन, आणि नळ कोरडा. या विसंगतीवर मी वर्गात फार बोलत नाही, पोरं स्वतःच हसतात.

भूगोलाची एक गंमत इथेच सांगून टाकतो. खाणींच्या पट्ट्यातलं गढूळ पाणी वर्धेतून प्राणहितेत आणि तिथून गोदावरीत जातं, पण ते मराठवाड्याच्या खूप खाली, तेलंगणात. आपल्या वाट्याची गोदावरी वरची. कोळसा खणताना नदीचा खालचा भाग गढूळ होतो आणि तो जाळताना वरचा भाग रिता होतो. नदी एकच. आणि मधली पैनगंगा, जी हदगाव-हिमायतनगर-किनवटच्या कडेने मराठवाड्याची सीमा आखत जाते, तिच्याच नावाची एक खुली खाण चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

दीड हजार टनांचं काय करायचं

आपल्या गाडीतून सुमारे १,५२० टन राख निघते. तिच्यातली पाचव्या हिश्शाच्या आसपास जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. उरलेली उडती राख धुरासोबत वर जाते आणि तिथे विद्युतभारित पत्र्यांच्या यंत्रणेत पकडली जाते. २००४ ते २०१६ दरम्यान बसवलेल्या संचांना चिमणीतून दर घनमीटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत धूळ सोडायची परवानगी आहे. यंत्रणा नीट चालली तर चिमणीतून फार थोडी राख सुटते. लोक चिमणीकडे बोट दाखवतात, पण खरा प्रश्न बहुतेकदा जमिनीवर असतो.

पकडलेल्या राखेच्या दोन वाटा. कोरडी घेतली तर ती बंद टाकीच्या ट्रकमधून, म्हणजे बल्करमधून, सिमेंट कारखान्यात जाते. पोझोलाना सिमेंटमध्ये ती पस्तीस टक्क्यांपर्यंत चालते आणि तिथे तिला चांगली किंमतही असते. दुसरी वाट ओली. राखेत तिच्या कितीतरी पट पाणी मिसळून तो रबडा पाइपाने तळ्यात सोडायचा. राख तळाशी बसते, पाणी वर राहतं. ही तळ्यातली राख सिमेंटवाल्यांना नको असते, मग ती विटांना, भरावाला, रस्त्याला जाते किंवा तशीच साचते.

राखेच्या तळ्याबद्दल एक साधी गोष्ट आहे. तळं ओलं असेपर्यंत शहाणं असतं. वर पाण्याचा थर असला की राख उडत नाही. मार्चनंतर कड वाळायला लागते आणि एप्रिल-मेच्या वावटळीत तीच राख उठते. दुष्काळात पाणी नाही म्हणून केंद्र बंद पडलं तरी राख बंद होत नाही. उलट पाण्याखाली होती ती उघडी पडते. म्हणजे ज्या वर्षी वीज नाही, पाणी नाही, त्याच वर्षी धूळ जास्त. पर्यावरणाच्या पुस्तकांत ही साखळी सापडत नाही. ती दुष्काळी भागातच घडते.

पानावर बसलेली राख सूर्यप्रकाश अडवते आणि पर्णरंध्रं बुजवते. वेचणीला आलेल्या कापसावर बसली तर बोंडाचा पांढरेपणा जातो आणि भाव पडतो. फुप्फुसांना ती काय करते ते तिच्या बारीकपणावरून कळतं: उडत्या राखेचे अगदी बारीक कण श्वासाबरोबर खोल उतरतात.

जमिनीखाली काय होतं ते थोडं गुंतागुंतीचं आहे आणि इथे आपला काळा पाषाण पुन्हा येतो. राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, पारा असे घटक अगदी अल्प प्रमाणात असतात, शिवाय विरघळणारे क्षार. तळ्याच्या तळाला अस्तर नसेल तर हे पाण्याबरोबर झिरपू शकतं. वाळूच्या जमिनीत झिरपणारं पाणी सगळीकडे सारखं पसरतं. आपल्याकडे भूजल असतं मुरमात आणि कातळाच्या भेगा-सांध्यांत. पाणी भेगेने जाईल तिकडे जातं. त्यामुळे तळ्याजवळच्या एका विहिरीचं पाणी बिघडेल आणि शंभर पावलांवरची विहीर गोड राहील, असं होऊ शकतं. मग पाहणीला आलेला माणूस गोड विहिरीचा नमुना नेतो किंवा खारट विहिरीचा, आणि त्यावर दोन्ही बाजूंचे अहवाल तयार होतात. दोन्ही खरे असतात. माझ्या मते अशा ठिकाणी विहिरी अंतरावरून निवडू नयेत. आधी भेगांच्या दिशा आणि विहिरींची पातळी मांडावी, मग नमुने घ्यावेत, आणि तेही पावसाळ्याआधी व नंतर असे दोनदा.

१,५२० टन राख एक फूट जाडीने पसरली तर सुमारे पन्नास गुंठे झाकले जातात. एका गाडीची ही गोष्ट, आणि गाड्या रोज अडीच.

विटा, हायवा आणि कायदा

राखेचा कायदा तसा जुना आहे. १४ सप्टेंबर १९९९ ला पहिली अधिसूचना निघाली. त्यात वीज केंद्राच्या आसपास मातीच्या विटा करणाऱ्यांनी किमान पंचवीस टक्के राख मिसळावी असं बंधन होतं. तेव्हा त्याची हद्द ५० किलोमीटर होती, पुढे ती वाढत गेली. आमच्या काळ्या मातीला हे मानवलंही. नुसत्या काळ्या मातीची वीट वाळताना आकसते, तडकते. राख मिसळली की आकसणं कमी होतं. परळीच्या परिसरात वीटभट्ट्या वाढल्या त्याला राख हे मोठं कारण आहे. वरची सुपीक माती थोडी वाचली, हा फायदा. पण भट्टीला स्वतःचा धूर असतो, आणि राख उघड्या टिप्परमधून गेली तर रस्ताभर सांडत जाते. ताडपत्री हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय, आणि नेमका तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरण्याची जबाबदारी केंद्रांवर टाकली. वापरली नाही तर टनाला १,००० रुपये भरपाई, आणि तळ्यांत साचलेली जुनी राख दहा वर्षांत संपवायची. आपल्या गाडीची सगळी राख पडून राहिली तर १५ लाखांवर दंड. कागदावर उत्तम. पण एखाद्या टाकाऊ वस्तूला किंमत आली की ती कोण उचलणार हा नवा प्रश्न तयार होतो. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातली गुन्हेगारी राज्यभर गाजली, तेव्हा परळीच्या राखेची वाहतूकही चर्चेत आली. त्या राजकारणात शिरायचं कारण नाही. अभ्यासाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: राख किती वापरली हा आकडा फाटकावर मोजला जातो. फाटकाबाहेर गेली की ती 'वापरली'. ती विटेत गेली, एखाद्या पडीक खदानीत ओतली की नाल्याकाठी, हे त्या आकड्यातून कळत नाही. खाणीची हद्द संपली की माती 'कोळसा' होते, तसंच हे. दोन्ही टोकांना मोजमाप फाटकावरच थांबतं.

काय करता आलं असतं

वर्गात मी इथे पोरांना दोन गट करायला सांगतो, एक वणीचा आणि एक परळीचा. पहिल्यांदा सगळे परळीच्या गटात येतात.

परळी गटाची पहिली मागणी ठरलेली: कोळसा धुऊन पाठवा. हा मुद्दा कायद्यात होताही. १९९७ च्या अधिसूचनेनुसार, जी जून २००१ पासून लागू झाली, खाणीपासून हजार किलोमीटरहून दूरच्या केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरायचा नव्हता. २०१४ मध्ये हे अंतर टप्प्याटप्प्याने पाचशेवर आणायचं ठरलं. मे २०२० मध्ये ही अट काढूनच टाकली. आपल्या हिशेबात चाळीसऐवजी चौतीस टक्के राख म्हणजे एका गाडीमागे सुमारे २३० टन, साडेतीन वाघिणी माती कमी. मग वणी गट उठतो आणि विचारतो, धुतलेला गाळ आणि काळं पाणी कुठे सोडणार? आमच्याच नदीत ना? हा प्रश्न रास्त आहे. धुण्याने माती नाहीशी होत नाही, परळीऐवजी वणीत राहते. माझं स्वतःचं मत असं की ती जिथे निघाली तिथेच राहणं बरं, कारण तिथे भरायला खड्डा आहे. पण धुलाईचं पाणी बंद चक्रातच फिरलं पाहिजे, आणि धुण्याआधी निवडून खोदणं अजून स्वस्त. थराचा माथा साफ करायला लागणारा वेळ आणि २३ वाघिणींचं भाडं यांची तुलना कुणीतरी एकदा एकाच कागदावर मांडायला हवी. आज ते खर्च दोन वेगळ्या कंपन्यांच्या वह्यांत आहेत, आणि वीज ग्राहक दोन्ही भरतो.

दुसरा पर्याय, ओली राख पूर्ण बंद करून कोरडीच घेणं. दुष्काळी भागात माझ्या दृष्टीने हा सगळ्यात आधीचा. पाणी वाचतं, तळं वाढत नाही, राखेला भाव येतो. अडचण जुन्या साठ्याची. तो कोरडा नाही, त्याला सिमेंटवाला गिऱ्हाईक नाही, आणि उकरायला गेलं की उडतो. त्याच्यावर तोवर माती आणि गवत पांघरणं, कडेने झाडं लावणं, उन्हाळ्यात फवारे मारणं, एवढंच हातात राहतं. आणि फवाऱ्यालाही पाणीच लागतं.

तिसरा पर्याय एका विद्यार्थिनीने काढला. ती म्हणाली, "सर, गाडी परत जाताना रिकामी जाते ना? मग राख तिच्यातच भरून खड्ड्यात नेऊन टाकायची." वर्ग हसला. पण कायद्याला हे वेडेपणाचं वाटत नाही. खाणीच्या खड्ड्यात आणि ओबीच्या ढिगाऱ्यात राख भरण्याची तरतूद अधिसूचनांमध्ये आहे. परळी ते वणी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत आहे. मग आम्ही फळ्यावर अडचणी लिहायला घेतल्या. उघड्या वाघिणीत कोरडी राख नेली तर परभणीपासून नांदेडपर्यंत उधळत जाईल. भिजवून नेली तर पाणी आणि वजन दोन्ही वाढेल. वाघिणींच्या तळाशी ती चिकटली की पुढच्या फेरीच्या कोळशात मिसळेल. खड्ड्यात भरली तर तिथल्या भूजलाशी तिचा संबंध येईल, म्हणून आधी तिथल्या विहिरींचे नमुने हवेत. परतीचं भाडं कोण देणार: खाण, रेल्वे की केंद्र? आणि वणीच्या गावांनी राख का घ्यावी, त्यांनी आधीच जमीन दिलेली असताना?

शेवटच्या प्रश्नावर तीच मुलगी पुन्हा बोलली. ती म्हणाली, राख त्यांचीच आहे. वणी गटातला एक मुलगा म्हणाला, वीज तर तुम्ही वापरली. तास संपला तेव्हा फळ्यावर भाड्याचा रकाना रिकामा होता. तो भरायला रेल्वेच्या मालवाहतुकीचे दर लागतात. ते शोधून आणायचं काम दोघांनाही दिलं आहे.